टूर्निकेट जवळ बाळगणं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पूर्वी टूर्निकेट फक्त सैनिकांकडे आणि शस्त्रक्रियागृहात दिसायचं. आता ते गिर्यारोहकांच्या सॅकमध्ये, करवतीवर काम करणाऱ्यांच्या कमरेला आणि गाडीच्या प्रथमोपचार पेटीतही असतं. विकत घेणं सोपं आहे. अडचण येते ती नंतर : ते पेटीच्या तळाशी जातं, किंवा वेळ आल्यावर हात थरथरतो आणि पट्टा अर्धवटच आवळला जातो. वैद्यकीय शिक्षण नसलेले लोक प्रथमोपचाराच्या वर्गात जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. हे वाचून झाल्यावर एखादा प्रत्यक्ष वर्ग जरूर करा. हाताला सवय वाचनाने लागत नाही.

टूर्निकेट म्हणजे नेमकं काय?

हाताभोवती किंवा पायाभोवती गुंडाळायचा रुंद पट्टा आणि त्याला पीळ देणारी एक दांडी. दांडी फिरवली की पट्टा आवळतो, खालची धमनी हाडाच्या बाजूला दाबली जाते आणि त्यापुढचा रक्तपुरवठा बंद होतो. बागेतली पाण्याची नळी पिळून धरावी, तसंच. काही प्रकारांत दांडीऐवजी दातेरी पट्टी असते, काहींत ताणणारं रबर असतं. दांडीवाला प्रकार सर्वांत जास्त तपासला गेलेला आहे, म्हणून पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

कल्पना जुनी आहे. १६७४ साली बझाँसोंच्या वेढ्यात एटिएन मोरेल या फ्रेंच शल्यविशारदाने दोरीत काठी घालून पीळ दिला. १७१८ मध्ये जाँ-लुई पेती याने स्क्रूचं यंत्र आणलं. आजच्या दांडीचं मूळ मोरेलच्या त्या काठीतच आहे.

रुग्णवाहिका येईलच की. मग हे जवळ कशाला?

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. त्यातलं चाळीस टक्क्यांच्या वर गेलं की जीव वाचवणं फार अवघड होतं. मांडीतली मोठी धमनी तुटली तर तिथवर पोचायला काही मिनिटंच लागतात. इतक्या कमी वेळात कुठलीच रुग्णवाहिका पोचेल याचा भरवसा नसतो. फोन करायचाच, आणि तोही आधी. शेजारी कुणी असेल तर त्याच्याकडे बोट दाखवून सांगा, ‘तुम्ही फोन लावा.’ नुसतं ‘कुणीतरी फोन करा’ म्हटलं की प्रत्येकाला वाटतं दुसरा करतोय.

टूर्निकेट लावलं की तो हात किंवा पाय कापावाच लागतो ना?

ही भीती सगळ्यांत जास्त ऐकू येते, आणि सगळ्यांत जास्त नुकसानही हीच करते. तिला आधार होता, पण तो जुना. अरुंद दोरी किंवा तार बांधलेली, जखमी माणूस कित्येक तासांनी डॉक्टरपर्यंत पोचणारा, अशा काळात लोकांनी गमावलेले हातपाय पाहिले आणि दोष टूर्निकेटला लागला.

२००६ साली बगदादमधल्या एका लष्करी रुग्णालयात टूर्निकेट लावलेल्या २३२ जखमींचा अभ्यास झाला. केवळ टूर्निकेटमुळे अवयव गमावला असा त्यांत एकही नव्हता. त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. रुग्ण शॉकमध्ये, म्हणजे रक्त कमी पडून अंग कोलमडण्याच्या अवस्थेत, जाण्याआधी पट्टा लागला तर सुमारे ९० टक्के वाचले. शॉकमध्ये गेल्यावर लागला तर जेमतेम १० टक्के. सगळा फरक काही मिनिटांचा.

आणि गुडघ्याच्या कितीतरी शस्त्रक्रिया हवेच्या टूर्निकेटने पायाचं रक्त तास-दीड तास थांबवूनच होतात. तो रुग्ण नंतर चालत घरी जातो, आणि आपला पाय इतका वेळ रक्ताविना होता हे त्याला कुणी सांगतही नाही.

कुठला रक्तस्राव ‘जिवावरचा’ समजायचा?

रक्त ठोक्याठोक्याने चिळकांडी मारत उडतंय, एकसारखं भळभळतंय, कपडे भिजून खाली थारोळं साचलंय, हात किंवा पाय पूर्ण किंवा अर्धवट तुटलाय, किंवा रक्त वाहतंय आणि माणूस गोंधळल्यासारखा, निस्तेज, घामाघूम झालाय. यांतलं काहीही दिसलं तर विचार थांबवा आणि हात चालवा. गडद कपड्यांवर, पावसात किंवा अंधारात रक्त दिसत नाही. अशा वेळी हातमोजे घालून अंगाखालून हात फिरवा, ओलं लागतंय का बघा.

सुरीने बोट कापलं, गुडघा खरचटला, घोळणा फुटला, यासाठी टूर्निकेट नाही.

आधी दाबून बघायचं की थेट टूर्निकेट?

बहुतेक जखमा नीट दाबल्या तर थांबतात. नीट म्हणजे कोपर सरळ, दोन्ही तळवे, अंगाचं सगळं वजन, आणि मधेमधे उचलून ‘थांबलं का’ हे न बघता. पण चिळकांडी उडतेय, अवयव तुटलाय, जखमी अनेक आहेत किंवा तुमचे हात दुसरीकडे हवेत, तर थेट टूर्निकेट. टूर्निकेट पिशवीतून काढेपर्यंत दुसऱ्या कुणाला किंवा जखमीला स्वतःलाच दाबून धरायला सांगा. गुडघ्याने दाबलं तरी चालतं.

लावायचं कसं?

जखमेच्या वर, म्हणजे जखम आणि धड यांच्यामध्ये, पाच ते सात सेंटीमीटर अंतर सोडून. सांध्यावर नाही. जखम गुडघ्याजवळ असेल तर पट्टा गुडघ्याच्या वर मांडीवर येईल, कोपराजवळ असेल तर दंडावर. जखम कुठे आहे तेच कळत नसेल तर शोधत बसू नका. कपड्यांवरूनच, हाताच्या किंवा पायाच्या अगदी मुळाशी, जितकं वर जाईल तितकं वर लावा. मात्र खिसा चाचपा. खिशातला मोबाइल किंवा किल्ल्या पट्ट्याखाली आल्या तर दाब नीट बसत नाही.

मग पट्टा बकलमधून खेचा. हा खेच सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. दांडीला हात लावायच्या आधीच पट्टा इतका घट्ट हवा की खाली तीन बोटं सरकवता येऊ नयेत. उरलेला पट्टा व्हेल्क्रोवर दाबून बसवा. आता दांडी फिरवा, रक्त थांबेपर्यंत. दोन-तीन वेढ्यांत थांबायला हवं. फिरवत फिरवत पुढे जावं लागत असेल तर समजा की आधीचा खेच कमी पडला. दांडी तिच्या खाचेत अडकवा, वरची छोटी पट्टी लावा, वेळ लिहा.

सरावानंतर हे सगळं मिनिटाच्या आत होतं. पहिल्यांदा मात्र तीन-चार मिनिटं सहज जातात, आणि तेवढा वेळ तुमच्याकडे नसतो.

तो वेदनेने ओरडतोय. जरा सैल करू का?

नाही. नीट लागलेलं टूर्निकेट भयंकर दुखतं. कधीकधी मूळ जखमेपेक्षा जास्त. मी स्वतःच्या मांडीवर पहिल्यांदा लावून घेतलं तेव्हा दुसऱ्या वेढ्याला ‘बस, बस’ म्हणालो होतो, आणि पायाची नाडी तेव्हा आरामात चालू होती.

अर्धवट आवळणं हे न लावण्यापेक्षाही वाईट ठरू शकतं. शिरांमधला दाब कमी असतो, त्या आधी बंद होतात. धमनीतला दाब जास्त, ती बरीच उशिरा दबते. म्हणजे पट्टा मधल्याच अवस्थेत राहिला तर हृदयाकडून रक्त येत राहतं आणि परतीची वाट मात्र बंद. ते बाहेर पडणार कुठून? जखमेतूनच, आणि आधीपेक्षा जोरात. म्हणून दया आली तर शब्दांत दाखवा : ‘दुखणार आहे, मला माहीत आहे, पण यानेच रक्त थांबतंय.’ हात मात्र आखडता घेऊ नका.

बरोबर लागलं की नाही, हे ओळखायच्या खुणा दोन. जखमेतून वाहणारं रक्त थांबलं, आणि त्यापलीकडची मनगटाची किंवा पावलाची नाडी लागत नाही. थोडं पाझरत राहणं वेगळं, वाहणं वेगळं. अवयव तुटलेला असेल तर हाडाच्या पोकळीतून थोडं रक्त येत राहतं.

पोटरी आणि हाताच्या पुढच्या भागात दोन हाडं असतात. तिथे चालतं का?

चालतं. ‘दोन हाडांच्या मधली धमनी दबत नाही’ हा समज जुना आहे. नाही थांबलं तर पहिलं न काढता वर दुसरं लावायचं.

एक लावूनही रक्त थांबत नसेल तर?

आधी दांडी आणखी फिरवून बघा. तरीही नाही, तर दुसरं टूर्निकेट पहिल्याला खेटून, शक्यतो वरच्या बाजूला लावा. पहिलं काढू नका. जाड मांडीवर अशी वेळ बऱ्याचदा येते. दोन बाळगावीत असं जे सांगतात, त्याचं कारण हेच.

दर पंधरा मिनिटांनी सैल करून रक्त जाऊ द्यावं, असं शाळेत शिकवलं होतं.

विसरा. दर वेळी सैल केल्यावर थोडं थोडं रक्त जातं आणि नुकतीच धरलेली गुठळी सुटते. असं ‘थोडं थोडं’ करत माणसं दगावली आहेत. एकदा लावलं की ते रुग्णालयातच सुटणार, किंवा प्रशिक्षित वैद्यकीय माणसाच्या हातून. दोन तासांपर्यंत सहसा कायमचं नुकसान होत नाही. त्यापुढे धोका वाढत जातो. सहा तासांनंतर स्नायू मेलेले असण्याची शक्यता मोठी असते, आणि अचानक सैल केलं तर तिथे साचलेली विषारी द्रव्यं अंगभर पसरतात.

वेळ कुठे लिहायची?

पट्ट्यावर त्यासाठी पांढरी पट्टी असते. पट्टीवर पेन उमटलं नाही तर कपाळावर लिहा, अगदी रक्तानेही लिहिलेलं आहे लोकांनी. ‘१४:२०’ एवढं पुरे. आणि टूर्निकेट चादरीखाली झाकून टाकू नका. पुढच्या माणसाला ते पहिल्या नजरेत दिसायला हवं.

मान, काख, जांघ, पोट?

इथे टूर्निकेट बसतच नाही. मानेला तर अर्थातच लावायचं नाही. काख, जांघेचा सांधा आणि मानेचा खालचा भाग इथे जखमेत कापड भरावं लागतं : गॉझ किंवा स्वच्छ फडकं बोटाने आत, जिथून रक्त येतंय त्या नेमक्या जागेपर्यंत ठासत न्यायचं, जखम पूर्ण भरायची आणि वरून दोन्ही हातांनी दाबून धरायचं. केओलिन किंवा कायटोसान लावलेलं रक्त गोठवणारं गॉझ असेल तर किमान तीन मिनिटं, साधं असेल तर त्याहून बराच जास्त वेळ. छाती आणि पोटात मात्र काही ठासायचं नाही. तिथला आतला रक्तस्राव बाहेरून थांबत नाही, रुग्णालय जितकं लवकर तितकं बरं.

जखमेत काच, सळई, सुरी रुतलेली असेल तर ती ओढून काढू नका. तीच कदाचित बूच बनून बसलेली असते.

कमरेचा पट्टा किंवा ओढणी वापरून भागणार नाही का?

१५ एप्रिल २०१३ ला बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर लोकांनी २७ टूर्निकेटं लावली. सगळी हाताशी आलेल्या वस्तूंची. त्यातून धडा असा घेतला गेला की चांगली साधनं सर्वसामान्यांच्या हाती हवीत, आणि २०१५ मध्ये अमेरिकेत ‘स्टॉप द ब्लीड’ ही मोहीम सुरू झाली.

कमरेचा चामडी पट्टा वाकत नाही, त्याला पीळ बसत नाही. दोरी, तार, बुटाची नाडी अरुंद, ती मांस आणि मज्जातंतू कापते. काहीच नसेल तर निदान चार सेंटीमीटर रुंद घडी केलेलं मजबूत कापड घ्या, गाठ मारा, गाठीत न मोडणारी काठी ठेवून वर दुसरी गाठ मारा आणि पीळ द्या. काठीशिवाय नुसतं हाताने आवळून धमनी सहसा बंद होत नाही. नुसत्या कापडाने होतं ते वर सांगितलं तेच : शिरा बंद, धमनी चालू. काठीही नसेल तर तो नाद सोडा आणि दोन्ही हातांनी दाबत राहा.

विकत घेताना काय बघायचं?

कॉम्बॅट ॲप्लिकेशन टूर्निकेट, ज्याला सगळे सीएटी म्हणतात, आणि सॉफ-टी वाइड, हे दोन सर्वाधिक वापरातले. दोन्हींचा पट्टा साधारण ३.८ सेंटीमीटर रुंद. अमेरिकी लष्कराने २००५ पासून सीएटी प्रत्येक सैनिकाला द्यायला सुरुवात केली. त्यामुळे त्याच्या नकलाही भरपूर आहेत. दिसायला हुबेहूब, पण दांडी वाकते, मोडते किंवा शिवण उसवते, आणि हे कळतं तेव्हा समोर रक्त वाहत असतं. किंमत मूळ वस्तूच्या एक चतुर्थांश असेल तर ती सवलत नसते. निर्मात्याच्या संकेतस्थळावर अधिकृत विक्रेत्यांची नावं असतात, तिथूनच घ्या. इतर ठिकाणी घासाघीस करा, इथे नको.

ठेवायचं कुठे?

जिथे दोन्ही हात पोचतील तिथे. तुमचा उजवा हात जखमी झाला तर डाव्याने काढता यायला हवं. सॅकच्या तळाशी, जेवणाच्या डब्याखाली ठेवलेलं टूर्निकेट म्हणजे नसलेलं टूर्निकेट. ट्रेकला सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर किंवा बाहेरच्या कप्प्यात. करवत किंवा यंत्र चालवताना अंगावरच, कारण ज्याला लागतं तो एकटा असू शकतो आणि पेटी दहा पावलांवर असेल तरी ती दहा पावलं फार असतात. गाडीत दाराच्या कप्प्यात किंवा सीटच्या मागे. डिकीत नको, धडक मागून बसली तर डिकी उघडेलच असं नाही.

आणि सोबतच्यांना सांगून ठेवा. ‘माझ्या डाव्या कप्प्यात लाल खूण केलेली पिशवी आहे,’ हे वाक्य निघण्याआधी बोलायचं असतं. ते वापरायची वेळ तुमच्यावरच आली तर?

उन्हात लटकत ठेवू नका. ऊन प्लास्टिकला ठिसूळ करतं, माती व्हेल्क्रोत भरते. काही महिन्यांनी उघडून शिवण, दांडी, व्हेल्क्रो तपासा.

प्लास्टिकचं वेष्टन तसंच ठेवू ना, स्वच्छ राहील?

काढा. रक्ताने निसरडे झालेले, थरथरणारे हात ते वेष्टन फाडू शकत नाहीत. पट्टा बकलमधून ओवून, मोठा फास तयार ठेवून, टोक दुमडून रबरबँडने बांधा. टोक दुमडलेलं असलं की पकडायला सोपं जातं. आत निर्जंतुक काहीच नसतं, त्यामुळे उघडल्याने बिघडत नाही.

सराव याच टूर्निकेटवर करू?

नको. वारंवार ताणल्याने पट्टा आणि दांडी झिजते. सरावाचं वेगळं घ्या आणि त्यावर ठळक ‘सराव’ लिहा, नाहीतर एक दिवस तेच बॅगेत जाईल. दोन हातांनी, एका हाताने, डोळे मिटून, हातमोजे घालून लावून बघा. एका हाताने लावताना फास हातात सरकवून, टोक खेचून, दांडी फिरवायची असते, आणि पहिल्या वेळेला हसू येतं इतकं ते अवघड जातं. माणसावर पूर्ण आवळलं तर क्षणभरच ठेवा. रक्ताच्या गुठळ्यांचा किंवा रक्ताभिसरणाचा त्रास असलेल्यांवर सराव करू नका.

लहान मुलांना चालतं का?

शाळेच्या वयातल्या मुलांना नेहमीचं टूर्निकेट बसतं, त्याहून लहानांनाही बऱ्याचदा. तान्ह्या बाळाच्या हातापायाला पट्टा आवळून बसत नाही, तिथे थेट दाब द्यायचा. त्यांच्या अंगात रक्तच मुळात कमी असतं, त्यामुळे दाबायला उशीर नको.

साप चावल्यावर लावायचं ना?

नाही. अजिबात नाही. घट्ट पट्टी आवळून विष अडत नाही. उलट हात किंवा पाय रक्ताविना राहतो, विषाने होणारं स्थानिक नुकसान वाढतं, आणि पट्टी सोडताच तब्येत एकदम ढासळू शकते. अवयव हलू न देता, अंगठ्या-बांगड्या काढून, माणसाला लवकरात लवकर प्रतिविष असलेल्या रुग्णालयात पोचवा. टूर्निकेट बाळगणाऱ्याने ही गोष्ट स्वतःहून उरलेल्यांना सांगावी, कारण अडचणीच्या वेळी लोक ‘तुझ्याकडे ते आवळायचं आहे ना, आण’ असं म्हणणारच.

पायाची फुगलेली शीर फुटून रक्त आलं तर?

रक्त बघून घाबरायला होतं, पण हे शिरेचं रक्त. झोपवा, पाय हृदयाच्या वर उचला, बोटाने दाबा. बहुतेक वेळा थांबतं. टूर्निकेट इथे नको. डायलिसिसच्या फिस्टुलातून (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेल्या जागेतून) रक्त येऊ लागलं तर मात्र ते वेगळं : नेमक्या छिद्रावर बोटाने घट्ट दाब, आणि ताबडतोब रुग्णवाहिका.

टूर्निकेट लावून झालं. आता?

आडवं झोपवा, अंगावर पांघरूण घाला, खालीही काहीतरी घाला. थंड पडलेल्या अंगात रक्त नीट गोठत नाही, त्यामुळे उन्हाळ्यातही झाकायचं. तोंडाने पाणी किंवा चहा देऊ नका, शस्त्रक्रिया लागू शकते. दर काही मिनिटांनी पट्टा बघा, कारण हलवाहलवीत तो सैल होतो. तुटलेलं बोट किंवा हात मिळाला तर ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बर्फ थेट लागू द्यायचा नाही. हे सगळं जखमी माणूस सावरल्यावर, आधी नाही.

सोबत आणखी काय असावं?

हातमोजे, गॉझची गुंडाळी, दाबपट्टी, बोथट टोकाची कात्री, पक्क्या शाईचं पेन. इतकं पुरे. वीस वस्तूंच्या पेटीत हवं ते सापडत नाही.

वापरलेलं टूर्निकेट धुऊन परत ठेवू का?

नाही. ते एकदाच वापरायचं असतं. एकदा ताणलेल्या पट्ट्यावर पुन्हा जीव सोपवू नका. शिवाय ते रुग्णासोबत रुग्णालयातच जातं. नवं मागवा, आणि आलं की त्याच दिवशी वेष्टन फाडून, फास तयार करून जागेवर ठेवा.